शाल्मलीच्या प्रबंधात जाऊबाई

नाचणगाव, रविवार

तीर्थरूप दादांस, धाकट्या वर्षालीचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरते, तेव्हा अर्धा मनानेच पोचला असं समजा.) वहिनींचा खोकला थांबला असेल. इकडे सगळे बरे, फक्त मी जळते आहे.

तुमची शाल्मली मागच्या महिन्यात येऊन गेली. पोरगी भाषेचा अभ्यास करते म्हणून मला वाटलं व्याकरण असेल. निघालं भलतंच. मोबाइलवरच्या खोट्या बातम्या कोणत्या शब्दांमुळे पटतात, यावर तिचा प्रबंध आहे! मी पोहे केले, पंखा तिच्याकडे वळवला आणि माझे सगळे मेसेज उघडून दिले. एकेक खरा, खाली तारीख आणि पेपरचं नाव. तिने चार वाचले, "छान आहेत गं आत्या" म्हणाली आणि वळली माझ्या धाकट्या जावेकडे, ज्योत्स्नाकडे. ज्योत्स्नाने बायकांच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'पपईच्या पानांच्या रसाने किती जणींच्या बीपीच्या गोळ्या सुटल्या, हे तुमच्यासारख्या जाणत्या बायकांना मी काय सांगावं!' शाल्मली खुर्चीतून उठलीच. "आत्या, बघ ना, 'रस घ्या' असं कुठेच नाही. गोळ्या सुटल्या हे आधीच धरून चाललंय, आणि नाही मानलं तर आपणच अजाणत्या!" असं कौतुक तिने माझ्या पोह्यांचंही केलं नाही. तेव्हापासून ज्योत्स्ना भाजीवालीलाही सांगते, "माह्यावर पुस्तक लिहून राह्यले."

पण तोच मेसेज ज्योत्स्नाकडून ऐकून आमच्या सासूबाईंनी, सुमित्राबाईंनी, गोळ्या बंद केल्या आणि मंगळवारी चक्कर येऊन अंगणात पडल्या. (डोक्याला टेंगूळ, बाकी देवाची कृपा.) डॉक्टर रागावले, हे ओरडले, मी हात जोडले. सासूबाईंचं एकच, "जाणत्या बाया गोळ्या घेत नाई." शेवटी दातओठ खात मी ज्योत्स्नाच्या धाटणीत ग्रुपवर लिहिलं, 'केळझरच्या म्हाताऱ्या रोजची गोळी घेऊन गणपतीची टेकडी अशा चढतात की सुना मागे राहतात. जाणत्या बायकांना यात नवीन काय!'

सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही. ज्योत्स्नाने तो वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी चहाआधीच आतून हाक आली, "माही गोळी काऊन नाई आणली अजून?" मला रडूच आलं. पाणी घेऊन धावले, तर गोळी गिळून म्हणतात, "ज्योत्स्नानं सांगतलं म्हणून घेतली. तू तं बाई निस्ता पेपर वाचत राह्यतं."

बीपी आता ठीक आहे, त्यांचा. वहिनींना नमस्कार.

तुमची,
वर्षाली

ता.क. शाल्मलीला सांगा, माझा हा मेसेज प्रबंधात घ्यावा, ज्योत्स्नाच्या आधीच्या पानावर. नाव बदलायचा नियम असेल तर असो, पण 'मोठी सून' एवढं तरी असू द्यावं.

आणखी एक. खरा आहे म्हणून तो वगळू नये. केळझरची एकही म्हातारी मी चढताना पाहिलेली नाही. ज्योत्स्नाने तोच मेसेज काल स्वतःचा म्हणून शाल्मलीला पाठवलाय. तेव्हा पत्र वाचून लगेच फोन लावा.