पुण्यातले माझे पंचवीस दिवस

१ जून २००५, बुधवार. सकाळ.
पुण्याच्या कॉलेजचं पत्र आलं. बी.कॉम., प्रोव्हिजनल. ११ जुलैला संध्याकाळी पाचच्या आत ओरिजिनल मार्कशीट, टीसी आणि मायग्रेशन सर्टिफिकेट घेऊन स्वतः हजर राहायचं, नाहीतर जागा पुढच्याला. चाळीस दिवस आहेत. चाळीस दिवसांत लोक चार धाम करून येतात.
मायग्रेशन म्हणजे आपल्या बोर्डाचा कागद, की हा मुलगा दुसऱ्या राज्यात शिकायला मोकळा आहे. तुकोगंजात बोर्डाच्या खिडकीवर फॉर्म द्यायचा, पंधरा दिवसांत भोपाळहून येतो. एका सकाळचं काम.
आजपासून शिस्त. ब्लॉग सुरू करायचा, रोज एक पोस्ट. घर सोडून निघालेल्या तरुणाचं मन. पुण्याच्या लोकांना आधीच कळलेलं बरं की इंदूरहून कोण येतंय. कच्चं या वहीत, पक्कं इंटरनेटवर. वही कोणाच्या हाती लागू द्यायची नाही. उर्वीच्या तर बिलकुल नाही. बहीण दहावीत आहे, जीभ एम.ए. झालेली.
मायग्रेशन उद्या.

२ जून. दुपार.
जयेशच्या सायबर कॅफेत ब्लॉग उघडला. नाव ‘इंदूर सोडताना’. रंग निवडायला सव्वादोन तास. सगळे बघून शेवटी पहिलाच ठेवला. देवनागरीत टाईप केलं तर नुसते चौकोन दिसतात, म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांत.
कॅफेच्या दाराशी नाना, म्हणजे माझे वडील, बसतात. मिलमध्ये टाइमकीपर होते. मी चौथीत असताना मिलला कुलूप लागलं. आता जयेशचं रजिस्टर सांभाळतात: नाव, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. काम तेच, फक्त भोंगा नाही. माझीही एन्ट्री करतात. श्री. प्रणव, आत ११.१०, बाहेर १.२५. मग चष्म्यावरून बघून विचारलं, फॉर्म? म्हटलं, खिडकी एकला बंद होते ना. ते म्हणाले, म्हणूनच विचारलं.

५ जून, रविवार.
शोभना आत्याकडे निरोपाचं जेवण. आमरस, पुरी, कुरडया. तीन वेळा वाटी भरली, चौथ्यांदा तिनेच पातेलं पुढे सरकवलं. म्हणाली, आपली माणसं होळकरांच्या कचेरीत कारकून म्हणून इकडे आली, परत त्या मातीत राहायला कोणी गेलं नाही. तू पहिला. अंगावर काटा आला.
मग सगळ्यांसमोर विचारलं, निघतोस कधी बेटा? आता एवढा आमरस खाल्ल्यावर सव्वा महिन्याने निघतो असं कसं सांगणार? म्हटलं, १५ तारखेला. जरा आधी जाऊन शहर समजून घेतो. सगळे खूश. फक्त आईचा घास हातात राहिला.
आत्याने हातावर दही ठेवलं, डोळे पुसले. आमच्याकडे हातावर दही पडलं की पडलं, माणूस गेला. त्यानंतर गाव सोडेपर्यंत दही देणाऱ्याला तोंड दाखवायचं नाही, अपशकुन होतो. आत्या हे फार मानते. एकदा रेल्वे चुकवून परत आलेल्या स्वतःच्या नवऱ्याला तिने ओसरीवर झोपवलं होतं.
घरी येताना आईने विचारलं, हे १५ तारखेचं कुठून काढलंस? म्हटलं, तारखा पुढेमागे होत असतात.

९ जून.
फॉर्म घेऊन निघालो होतो. वाटेत नवा मॉल लागला. आत चालता जिना! नुसतं उभं राहायचं आणि वर पोचायचं. सात वेळा गेलो. उतरायला साधाच जिना आहे, त्यामुळे दम लागला. आठव्यांदा गार्डने विचारलं, भिया, कुछ लेना भी है के बस चढनाइच है?
खिडकी बंद. पण ‘उदारीकरण आणि मी’ ही पोस्ट जबरदस्त झाली.

१२ जून, रविवार.
पहिली कॉमेंट!! नाव नाही, अनामिक. लिहिलंय, ‘जिन्यावरचा लेख वाचला. फॉर्म भरला का?’
कौतुकाचा एक शब्द नाही, सरळ वर्मावर बोट. हा वाचक शंभर टक्के पुण्याचा. कदाचित प्राध्यापक. पुण्यात माझी वाट बघणारं कोणीतरी आहे.
फॉर्म सोमवारी. सोमवारी बेटम्याला मावशीकडे निरोपाचं जेवण आहे, तेव्हा मंगळवारी.

१४ जून, मंगळवार.
बेटम्याला मुक्काम वाढला. दाल-बाफले खाऊन कोणी उठू शकत नाही, हे शास्त्र आहे.

१६ जून, गुरुवार.
संकट. आत्याचा फोन आला, पोचला का ग प्रणव? आई कांदा चिरत होती, तिच्या तोंडून हो निघून गेलं. मग रिसीव्हर ठेवून माझ्यावर बरसली. तुझ्यापायी मी नणंदेशी खोटं बोलले, आणि तेही गुरुवारी. उर्वीने माझ्या तोंडावर पडदा ओढला. म्हणाली, दादा, पुण्यात असलेल्या माणसाने खिडकीत उभं राहू नये.
खरी अडचण वेगळी आहे. आत्या तुकोगंजात दातांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर बसते. समोर अख्खी काच. काचेसमोर रस्ता. रस्त्यापलीकडे बोर्डाची खिडकी. म्हणजे मी फॉर्म द्यायला गेलो की आत्याच्या नजरेत. पुण्याला जायचं असेल तर इंदुरात दिसलंच पाहिजे, आणि दिसलो तर पुण्याची इज्जत गेली.
नानांना हे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आत्याला खरं सांगून टाक. जुन्या पिढीला व्यवहार कळत नाही.

२० जून.
मार्ग सापडला. ब्लॉगचं नाव बदललं: ‘पुण्यातून’. आत्या क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर वाचते, तिला धीर येईल. पहिली पोस्ट, पुण्याची सकाळ. मी पुणं पाहिलेलं नाही, पण सकाळ तर पाहिलेली आहे. अकराच्या आतली नसली तरी.
आत्याची कॉमेंट आली, ‘बाळा, चादर पुरते का?’ डोळे भरून आले. उत्तर लिहिलं, पुरते, पण तुझी आठवण येते. जयेश मागून वाचत होता. म्हणाला, भिया, आत्या यहां से दो किलोमीटर पे बैठी है, चादर मागून आण ना.

२३ जून.
दोन वाजता अर्ध्या वाक्यात लाइट गेली. यूपीएस बंद पडायच्या आत पोस्ट तशीच अर्धी चढवली. चारला परत आलो तर अनामिकची कॉमेंट होती, ‘पुण्यातली लाइट पण दोनलाच जाते का? इथे पण दोनलाच गेली.’
इथे म्हणजे कुठे? पुणेकर गूढ बोलतात.

२६ जून, रविवार.
पुणं संपलं. नदी झाली, पूल झाले, पाट्या झाल्या. आज लिहिलं की मेसचं जेवण सोसलं नाही, ताप आहे, रूममध्ये एकटाच पडून आहे, ११ तारखेला कॉलेज सुरू होतंय तर उठवेल का कोण जाणे. लिहितानाच कपाळ गरम लागायला लागलं. घरी आईने खिचडी टाकली. लेखणीची ताकद.

२९ जून, बुधवार.
फॉर्म दिला! जयेशचं हेल्मेट घालून, काच खाली पाडून. रांगेत चाळीस मिनिटं आत घाम आणि बाहेर चर्चा. पुढचा माणूस दोनदा विचारून गेला, बँक समझ के तो नहीं आए? खिडकीतले बाबू म्हणाले, हेल्मेट उतारो, फोटो मिलाना है. काढलं. तेव्हा आत्या काचेपलीकडे कोण्या पेशंटला खुर्चीकडे नेत होती, पाठ माझ्याकडे. वाचलो.
बाबू म्हणाले, पंधरा दिवस. म्हणजे १४ जुलै. कॉलेजची तारीख ११. तीन दिवस इकडेतिकडे. कॉलेजवालेही माणसंच असतात. शिवाय ते प्राध्यापक ओळखीचे आहेत.

५ जुलै, मंगळवार.
ब्लॉगवर ताप अजून चालू ठेवलाय. जयेश काहीबाही बोलतो. म्हणे अनामिकच्या सगळ्या कॉमेंट काउंटरच्या मशीनवरून जातात, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. म्हणजे नाना. हसलो. नानांना माउस धरता येत नाही, टाळ धरल्यासारखा धरतात. जयेश म्हणाला, पहले नहीं आता था. एका बोटाने एक ओळ लिहायला अर्धा तास लागतो त्यांना, आणि तो टाइमसुद्धा रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावावर चढवतात.
शक्य नाही. अनामिकची शैली नागरी आहे.

७ जुलै, गुरुवार.
अनामिक: ‘उद्या भोपाळला जातो. बोर्डाच्या हेड ऑफिसात हातोहात मिळतं म्हणतात. लाइन मोठी असते. डबा घेतला आहे.’
प्राध्यापकाला भोपाळला काय काम?

८ जुलै, शुक्रवार. संध्याकाळ.
काउंटरवर नाना नाहीत. रजिस्टर जयेश भरत होता, तिरपं.
साडेसातला नाना घरी आले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. पिशवीतून प्लॅस्टिक, प्लॅस्टिकमधून वर्तमानपत्र, त्यातून कागद. मायग्रेशन. माझं नाव, नानांचं नाव, गोल शिक्का. रात्रीच्या बसने जाऊन सकाळी सहापासून उभे होते, नंबर साठावा होता. आईने विचारलं, जेवलात का? म्हणाले, लाइन सोडली असती तर नंबर गेला असता. डबा तसाच परत आणला होता. मग तो संपवला.
मला फक्त म्हणाले, परवा चारची बस आहे, तिकीट काढलंय. मी थँक्यू म्हणणार होतो, पण आमच्या घरात तो शब्द कोणी वापरत नाही. वहीत लिहून ठेवतो.
दोन दिवस ब्लॉग बंद. नुसती बॅग भरायची. माणूस बदलू शकतो.

१० जुलै, रविवार. संध्याकाळ, राऊ.
घाईत लिहितोय.
घरून रीतसर निघालो. नाना स्टँडवर येणार होते, मीच नको म्हटलं, मला सोडायला आलेले बघून कोणी आत्याला सांगितलं तर? जयेशने स्कूटरवर सोडलं. साडेतीनला पोचलो. वेळेआधी! बस उभी. चढणार तेवढ्यात खिडकीत बघतो तर शोभना आत्या. मांडीवर गोधडी, पायाशी चिवड्याचा डबा, हातात थर्मास.
समोशाच्या ठेल्यामागे बसलो. जयेश जाऊन बोलून आला. आत्या म्हणाली, आमचा प्रणव पुण्यात तापाने फणफणलाय, उद्या त्याचं कॉलेज, कोणी उठवायला नाही. चार दिवस रजा टाकलीय. ब्लॉगवर तसं शुक्रवारीच लिहिलं होतं तिने. मी बघितलाच नव्हता, शिस्तीत होतो ना.
जयेश म्हणाला, भिया, चढ जा. पाया पड, दोन झापड खा, आणि सकाळी पुणे. बस दोन झापड का मामला है.
मला तो पॉइंट पटला होता. पण अख्ख्या बससमोर? म्हणून नवा प्लॅन: स्कूटरने बसच्या आधी गावाबाहेरच्या पुढच्या थांब्यावर, राऊला यायचं, तिथे आत्या पेंगली असेल, मागच्या दाराने चढायचं, टोपी घालून. बस सुटायच्या आतच निघालो. बरोबर आधी पोचलो. बसला वेळ होता म्हणून कचोरी घेतली. एक. दुसरी घेताना वाटलं, हा प्रसंग ताजा आहे तोवर वहीत उतरवून ठेवावा, ब्लॉगसाठी सोनं आहे. आता जयेश काहीतरी ओरडतोय

१० जुलै. नंतर.
बस गेली. हात केला होता, पण हातात वही होती. ड्रायव्हरला वाटलं बसच्या वेळा टिपणारा माणूस, त्याने उलट हात केला.
दुसरी बस नाही. उद्या सकाळची पोचते रात्री.

११ जुलै, सोमवार. संध्याकाळ ६.
दिवसभर कोणी टोमणा मारला नाही. उर्वीसुद्धा. हे सगळ्यात वाईट.
पाच वाजले. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, बघितलं.
सव्वापाचला पुण्याहून एसटीडी. आईने उचलला. आत्या सकाळपासून कॉलेजच्या ऑफिसात बसून होती. क्लार्कने माझं नाव तीनदा पुकारलं. तिसऱ्यांदा आत्याच उठून उभी राहिली, म्हणाली, येईल हो, आजारी आहे, लाजाळू आहे, पाच मिनिटं थांबा. ते पाचवर दहा मिनिटं थांबले. मग पुढच्या मुलाचं नाव घेतलं. तो आला होता. आता ती रस्त्यावरच्या बूथवरून रडत विचारत होती, वहिनी, आपला मुलगा कुठे शोधू? पोलिसात जाऊ का?
नानांनी रिसीव्हर घेतला. म्हणाले, शोभना, रडू नको. तो इथेच आहे. कधी गेलाच नव्हता. ताप नाही. जेवतोय.
मी खरंच जेवत होतो.
पलीकडून आवाज आला तो मला ताटापर्यंत ऐकू आला. नानांनी सगळा ऐकून घेतला, माझ्यासाठी होता तरी. शेवटी म्हणाले, आता गेलीच आहेस तर चार दिवस बघून ये. आपल्यातलं कोणीतरी जाऊन आलं.
मग माझ्यासमोर येऊन बसले. मायग्रेशनचा कागद परत वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र प्लॅस्टिकमध्ये. म्हणाले, बेटम्याच्या रस्त्यावर नवं प्रायव्हेट कॉलेज उघडलंय, फॉर्म परवापर्यंत मिळतायत. हा कागद तिथे लागत नाही, राज्य तेच. सकाळी सात चाळीसची बस. मी बरोबर येतो.
म्हटलं, थांबा, लिहून ठेवतो.
म्हणाले, लिहू नको. चप्पल दाराशी काढून ठेव, आणि लवकर झोप.