चार मात्रांची शांतता

३ फेब्रुवारी
विद्यापीठाचा समकालीन वृंदगान महोत्सव एकवीस तारखेला. कर्मचाऱ्यांच्या वृंदात नाव दिलं. परीक्षा विभागात एकोणतीस वर्षं आवाज चढवतोय, गळा तयारच आहे. बायको ग्रंथालयात असते. ती या वृंदात आधीपासून गाते. मी आल्याने तिला धीर येईल. रोज पहाटे पाचला रियाज. ठरलं.

४ फेब्रुवारी, सकाळी ८.४०
उद्यापासून.

९ फेब्रुवारी
नवं गाणं विचित्रच. ऐन रंगात सगळ्यांनी गप्प व्हायचं, चार मात्रा. मग बायको एकटी गाणार. एकटी! गाणं बसवणाऱ्या बाईंना म्हटलं, सोलो अनुभवी माणसाला द्या. म्हणाल्या, दिलाय की. बाई विनोदी आहेत.

१४ फेब्रुवारी
बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलंय. माझा आवाज जपतायत. बायको नीट जेवत नाही, नळ सोडून बाथरूममध्ये गाते. आजवर कधी एकटी गायलेली नाही ना. म्हटलं, घाबरू नकोस, मी मागे उभा आहे. म्हणाली, "तीच तर भीती आहे."

२१ फेब्रुवारी, दुपारी ३.१०
विंगेत. सभागृह गच्च. बायकोचे हात बर्फासारखे गार. त्याच हातांनी माझ्या कोटाचं बटण लावत म्हणाली, "आज फक्त ओठ. माझी शपथ आहे." मी मान डोलावली. मान काय, कशालाही डोलते.

संध्याकाळी ६.००
गायलो. मोजण्यात जरा फरक पडला. तिसऱ्या मात्रेला अख्ख्या सभागृहात एकच आवाज: माझा. बाईंचा हात हवेतच थिजला. पहिल्या रांगेतून कुणीतरी हसलं. बायकोने वळूनही पाहिलं नाही. माझा सूर पुरता विरेपर्यंत थांबली, आणि मग गायली. शेवटपर्यंत. लोक उभे राहिले. एवढी वर्षं हा आवाज घरात होता आणि मी कधी...
असो. माईक चांगला होता.

२२ फेब्रुवारी
बायको बोलत नाही. श्रमली असेल.

२३ फेब्रुवारी
बाईंचा फोन. माझ्यासाठी नव्हता. पुढच्या वर्षी बायकोला दोन सोलो. फोन ठेवून ती दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली: बाईंनी तुमच्यासाठीही जागा ठेवलीय.
विचारलं, खर्जात?
प्रेक्षकांत, म्हणाली. पाचव्या रांगेत.
मग तू काय म्हणालीस?
"म्हटलं, दहावी बरी."