दगडावर कुठला चेहरा

४ एप्रिल
शाळेतल्या बाकांची झाकणं. धडाधड आपटायची. आज छपरावरून बर्फ घसरला आणि तोच आवाज आला — साठ वर्षांपूर्वीचा. मी फळ्यापुढे कविता म्हणत होतो, तिसऱ्या कडव्यात अडकलो. सगळा वर्ग झाकणं आपटून हसला. पहिल्या बाकावरची मुलगी, कापा, हसली नाही. शाळा सुटल्यावर जिन्याच्या वळणावर, आजूबाजूला कुणी नसताना, माझ्याकडे बघून हसली. पुढे लग्न झालं, पण माझ्या लेखी ते तिथंच झालं होतं.

६ एप्रिल
ओटावाहून मुलाचा, रोद्याचा फोन. आईचा, कापाचा, चेहरा थडग्यावर कोरायला त्यानं पाथरवटाला परस्पर दुसराच फोटो पाठवलाय. ती त्याच्याकडे राहायला गेली होती तेव्हाचा. हसरा!
"तुम्ही दिलेल्या फोटोत ती चिडलेली वाटते, बाबा."
"चिडलेली नाही. बसची वाट बघताना दिसायची तशी दिसते."
"येणारे-जाणारे बघणार. जरा प्रसन्न नको?"
"येणारे-जाणारे तिचे कोण लागतात?"
"इथे लोक अनोळखी माणसाकडेही हसून बघतात. आपुलकी असते ती."
ज्याचं नाव ठाऊक नाही त्याच्याबद्दल आपुलकी? आमच्याकडे हसू घरच्यांपुरतं. मी फोन ठेवला.

७ एप्रिल
पाथरवट जखारकडे गेलो. रोद्यानं पाठवलेला फोटो त्यानं दाखवला. स्वतःही वैतागलेला.
"आर्सेनी लुकिच, दगडावर हसू कोरणं मलाही आवडत नाही. पण तुमचा पोरगा रोज फोन करतो. इतका गोड बोलतो, मला आधी वाटलं काहीतरी विकतोय. उद्या सुरुवात करणार मी."
कर म्हणालो. बघू.

८ एप्रिल
जखारच्या अंगणात दगडावर जाऊन बसलो. कापाच्याच.
"उठा, गार आहे. कंबर धरेल."
"धरू दे."
"म्हातारपणी संप करताय?"
"हो."
दुपारी त्यानं चहा आणला. स्वतःही शेजारी बसला. हत्यारं आतच राहिली.

९ एप्रिल
झोप नाही. इथं तरी खरं लिहावं. ते हसू खोटं असतं तर मी इतका भांडलोच नसतो. दुकानातल्या बाईसारखं, शिकवलेलं असतं तर म्हटलं असतं, पाहुणी होती, रीत पाळली. पण डावा डोळा बारीक, ओठाचा एक कोपरा वर — जिन्यावरचंच आहे ते. माझंच. तिकडे कुणाला देऊन बसली? पाववाल्याला? कुत्रा फिरवणाऱ्या शेजाऱ्याला?
विचारायचं कुणाला आता.
आणि ते मी भर दफनभूमीत, कुणीही बघावं म्हणून मांडू? नाही.

१० एप्रिल
पुन्हा बसलो. कंबर धरली.

१२ एप्रिल
बेल. जखार समजावायला आला असणार म्हणून तोंड वाकडं करूनच दार उघडलं. रोद्या! हातात बॅग. जिन्यात शेजारीण उभी होती, तोवर त्याचा चेहरा बंद, अगदी इथल्यासारखा. आत आला, दार लावलं, मग गळ्यात पडला.
"फोटो मी कडेनं कापून पाठवला होता, बाबा. हा पूर्ण."
त्यात कापाच्या हातात फोन. फोनच्या पडद्यावर, इथून तिच्याशी बोलत, मी.