बाळूच्या वहीतला माझा आकडा

सोमवार, ७ मार्च १९८३

रातभर झोप नाय. चिमीची नाडी मोजत बसले. एकशे अठ्ठावीस. परत मोजली, एकशे तीस. आठ महिन्यांचं लेकरू, एवढं कशापायी पळतंय आतून?

सगळा बाळूचा उद्योग. धाकटा भाऊ माझा, व्यायामाच्या कॉलेजात हाय, पुढं खेळाचा मास्तर होणार. काल होस्टेलवरून आला. दहा माणसांची तपासणी करून वहीत लिहायची, त्याचे मार्क असतात. दहावं माणूस मी. माझी लग्नातली ट्रंक ओढली, टेपनं उंची मोजली, म्हणाला, "ताई, पाच मिनिटं हिच्यावर चढ-उतर करायची." तो टाळ्या वाजवतोय, मी निऱ्या खोचून चढतेय. चिमी हसतेय. तिसऱ्या मिनिटाला अंधारी आली, खाली बसले. बाळू मनगट धरून घड्याळाकडं बघत राहिला. नाडी खाली येईचना. त्याचं तोंड उतरलं.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"तू यायच्या आधी मी कशी जेवणार?"

"अगं येडे! उपाशी माणसाची टेस्ट घेतात का कुठं?"

आकडा पेन्सिलीनं लिहिला. रविवारी परत घेणार. तोवर रोज उठल्या उठल्या नाडी मोजून चिठ्ठीवर लिहायची. बोटं कुठं ठेवायची ते शिकवून गेला. ह्याला पाढे मी शिकवलेत.

मंगळवार, ८ मार्च

वाण्याकडनं होस्टेलला फोन केला. रडतच. बाळू एवढा हसला की वाण्याला ऐकू गेलं. "ताई, लहान लेकरांची तेवढीच असती! चिमी एकदम फिट हाय. तुझी सांग."

म्हणलं, शहात्तर.

खरी एकशे चार.

का बोलले असं? तोंडातून निघून गेलं. नऊ जण पास आणि सख्खी बहीण नापास, मग त्याचे सर काय म्हणतील. वाण्याच्या भिंतीवर त्याचा नंबर खडूनं लिहून आले, मोठा. 'बाळू होस्टेल'.

गुरुवार, १० मार्च

नाडी एकशे सहा. चिठ्ठीवर चौऱ्याहत्तर.

हे पहिल्या पाळीला गेले की दार लावते अन् ट्रंकेवर चढते. सरावानं जमंल. सातवीत गणित असंच जमवलं होतं. काल शंभर वेळा, आज सत्तरच. छातीत हातोडी बसल्यागत. शेजारच्या सुमनबाईंनी भिंत ठोकून विचारलं, "काय गं, कांडतेस काय एवढं?" म्हणलं, मसाला. आता मसाला द्यावा लागणार त्यांना.

रविवार, १३ मार्च

बाळू आला. त्याच्याकरता शेंगदाण्याची आमटी, भाकरी. आधी मला जेवायला बसवलं, समोर बसून बघत होता, चोरावर नजर ठेवावी तसा. चिठ्ठी वाचून लय खूष. "बघ, त्या दिवशी उपाशीच होतीस!" परत ट्रंक ओढायला लागला. मी म्हणलं, आज नको, बायकांचं असतं ते. कानापर्यंत लाल झाला. चिठ्ठीतले आकडे शाईनं उतरवून घेतले. पेन्सिलीचं खोडलं.

जाताना चिमीला म्हणाला, "तुझी आई लय तब्येतीची हाय बरं का."

सोळा तारखेला

फोन आला, वाण्यानं हाक मारली. सरांनी वही बघून शाबासकी दिली, सगळ्यांपुढं. बावीसला तोंडी परीक्षा. चालत घरी आले तर तीन ठिकाणी बसावं लागलं.

ना. एकशे अठरा. आता सराव बंद.

शनिवार, १९ मार्च

चिमीला डोस द्यायला दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी चिमीला सोडून मलाच खुर्चीत बसवलं. "पाय कधीपासून सुजलेत? उताणं झोपता येतं का?" नाय येत. पंधरा दिवस झाले भिंतीला टेकून झोपते, चिमीमुळं जागते असंच सगळ्यांना सांगितलंय. नळी लावून लय वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते?"

सुजले होते की. त्यापायी तर सातवीनंतर शाळा सुटली. त्यांना कसं कळलं?

म्हणाल्या, छातीत वेगळा आवाज हाय. मोठ्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. सोमवारीच जा, नवऱ्याला घेऊन.

ह्यांना दाखवली. ह्यांनी पाणी तापवून माझे पाय शेकले. कधी केलं नव्हतं तसलं.

रविवार, २० मार्च

बाळूला सांगू नका म्हणलं ह्यांना. परीक्षा होऊ दे. बाळू आज आला नाय, अभ्यास. तेच बरं.

चिमी माझ्या बांगड्या चावतेय. हिनं आई मला म्हणायचं की दुसऱ्या कुणाला. असलं लिहू नये.

सोमवार, २१ मार्च, सकाळ

ना. एकशे बावीस. दोनदा मोजली.

हे रिक्षा आणायला गेलेत. चिमी सुमनबाईंकडं राहील. ही वही ट्रंकेत लंगोटांवर ठेवते. चिमीचा लंगोट काढायला सुमनबाईंना ट्रंक उघडावीच लागंल. तोंडानं सांगायची लाज वाटती, म्हणून असं.

रातभर विचार केला. उद्या त्याचे सर विचारतील, हा आकडा कुणाचा? तो छाती फुगवून म्हणंल, माझ्या बहिणीचा. अन् मी इकडं. नको. पुढं तो पोरांच्या नाड्या बघणार, मास्तर होणार, त्याच्या वहीत पहिला खोटा आकडा माझा नको. मार्क गेले तर जाऊ दे. आज सांगायला पाहिजे, बावीसच्या आत.

सुमनबाई, नाहीतर जो कोण हे वाचंल, वाण्याकडं जाऊन बाळूला फोन करा. नंबर भिंतीवर हाय. सांगा, ताईची चिठ्ठी खोटी, खरे आकडे ह्या वहीत, आठ तारखेपासून. पेन्सिलीचा खरा होता. चिमी ठीक म्हणावं, सकाळी एकशे सव्वीस.

अन् यायचं म्हणाला तर जेवून ये म्हणावं. ह्या वेळी मी जेवायची थांबणार नाय. पण फोन करा.