उत्तराची गोळी

मी, खाली सही करणारी हिल्क्का मोइलानेन, वय चौऱ्याहत्तर, काईनू प्रांतातील पिर्तिवारा गावची रहिवासी, भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेली नकाशाकार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. आरोग्य केंद्रातील परिचारिका रित्वा यांनी गेल्या आठवड्यात मला तारीख, वार आणि शंभरातून सात-सात वजा करत जाणे विचारले. उत्तरे बरोबर आली. हृदयाची झडप मात्र बरोबर नाही, म्हणून हे आताच लिहिते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात कोणी नाही.

कलम १. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सर्व काही माझा नवरा तौनो याला दिले होते. तो १४ ऑक्टोबर २०१७ रोजी, मूस हरणाच्या शिकारीच्या पहिल्याच दिवशी वारला.

कलम २. घर, वाफेच्या स्नानाची सौना, बटाट्याचे शेत, होडी आणि बँकेतील शिल्लक तौनोचा भाचा मार्को केम्प्पाइनेन याला मिळावी. आम्हाला मूल नाही. मार्को लहानपणापासून उन्हाळ्यात इथे येत असे आणि न सांगता सरपण फोडत असे. त्याने पुढील अट पाळावी, ती कलम ६ मध्ये आहे.

नणंद सिर्क्का हिला निळा कॉफीचा संच. १९७८ पासून ती तो स्वतःचा असल्याचे सांगत आली आहे, आता तो खरोखर तिचा होईल. बारापैकी अकरा कप आहेत. बारावा तिनेच फोडला होता.

कलम ३. रायफल. ही १९६१ सालची, बोल्ट म्हणजे खीळ हाताने ओढून काडतूस भरायची रायफल माझ्या सासऱ्यांनी घेतली. मूळ वस्तूपैकी आता बोल्ट, त्याभोवतीचा सांगाडा आणि नळीचा मागचा भाग एवढेच जुने आहे. चाप तौनोने १९९९ मध्ये बदलला, कारण जुना फार जड होता आणि थंडीत बोटाला कळत नसे. दुर्बीण दोनदा बदलली. बाकीचे माझ्या सांगण्यावरून झाले, म्हणून ते नीट लिहिते.

तौनोचे कान जात होते. चाळीस वर्षे त्याने उघड्या कानांनी गोळ्या झाडल्या. २०१६ च्या नाताळात मी त्याला सायलेन्सर आणि काळा प्लॅस्टिकचा दस्ता भेट दिला. ते बसवून घ्यायला आम्ही दोघे बंदुका दुरुस्त करणाऱ्या एइनो तोलोनेनकडे गेलो.

एइनो म्हणाला, "वहिनी, नळी पुढून अकरा सेंटीमीटर कापावी लागेल, मग तिला आटे पाडतो. सायलेन्सर चढला की लांबी होती तेवढीच."

तौनो म्हणाला, "मग माझ्या गुडघ्यांचंही बघ. नवे सुटे भाग मिळतात का?"

"तुझ्या मॉडेलचे भाग येणं बंद झालंय रे."

दोघे हसले. तौनोला नळी कापायची नव्हती, हे मला दिसत होते. तो म्हणाला, "हिल्क्का, हिचा आवाज अख्ख्या पंचक्रोशीला माहीत आहे." मी म्हणाले, "आणि माझा आवाज तुला माहीत नाही. टेबलाच्या पलीकडून चार वेळा ओरडावं लागतं." त्यावर त्याने मान हलवली आणि एइनोला म्हणाला, "काप बाबा."

जुना बर्चचा दस्ता एइनोला द्यावा. त्याने तो तेव्हा मागितला होता आणि मी उगाच नाही म्हटले.

कलम ४. कापलेला तुकडा. एइनोने तो कागदात गुंडाळून तौनोला दिला होता. तो माझ्या नकाशांच्या खणात आहे. तौनो गेल्यानंतरच्या ऑक्टोबरात खण आवरताना मला त्याला बंदुकीच्या दारूचा वास आला. मी त्यातून चिंधी ओढली, ती काळी निघाली. मला वाटले, जुनी काजळी असेल. मी तो धुऊन, तेल लावून, पांढऱ्या कपड्यात बांधून ठेवला. पुढच्या वर्षी चिंधी पुन्हा काळी निघाली, त्याच्या पुढच्या वर्षीही. त्या चिंध्या तारखा घालून पाकिटात ठेवल्या आहेत. एइनोला एक दाखवली. त्याने वास घेतला आणि म्हणाला, "ही काल-परवाची आहे. कुठल्या बंदुकीची?" मी सांगितले. तो मला गाडीपर्यंत सोडायला आला, जे तो कधी करत नाही.

हा तुकडा माझ्या शवपेटीत ठेवू नये. तो तौनोच्या कबरीत, डोक्याच्या बाजूला, हातभर खोल पुरावा.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही, पण ते लिहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

आमच्या शिकारी टोळीचा नियम असा: संकटात असलेल्याने लागोपाठ तीन गोळ्या झाडायच्या, आणि ज्याला त्या ऐकू येतील त्याने एक गोळी झाडून उत्तर द्यायचे, म्हणजे पलीकडच्याला कळते की ऐकले, येतो आहे. त्या दिवशी तौनो डोंगराच्या धारेवरच्या आपल्या ठिकाणी होता. परत येताना तो ओल्या दगडांवरून घसरला आणि मांडी मोडली. फोन गाडीत राहिला होता. त्याने तीन गोळ्या झाडल्या. टोळीतले सहा जण दीड किलोमीटरवर शेकोटीभोवती सॉसेज भाजत होते आणि वारा त्यांच्याकडून तौनोकडे होता. त्यांना काही ऐकू आले नाही. तौनो कधीकधी निरोप न घेता परस्पर घरी जात असे, म्हणून कोणी शोधलेही नाही. रात्री आठला मी फोन केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. शेवाळात तीन रिकामी काडतुसे होती.

दफनानंतरच्या कॉफीच्या वेळी टोळीचा प्रमुख पेन्टी कार्प्पिनेन सर्वांसमोर म्हणाला, "त्याने हाक मारली असती तर मला ऐकू आली असती. ती काडतुसं सकाळच्या शिकारीची असणार." आठ वर्षे मी पेन्टीशी त्यामुळे बोललेले नाही. दुकानात तो एका रांगेत असेल तर मी दुसरीत उभी राहते.

पण पेन्टीवर राग धरण्याचा मला हक्क नव्हता, हे आता लिहून ठेवते. वारा आमच्या घराकडे होता. चारला वीस मिनिटे कमी असताना मी सरपणाच्या ढिगापाशी होते. मला ऐकू आले. फळीवर फळी पडावी तसा कोरडा आवाज, तीनदा. मी मान वर केली. ती रायफल मी एकोणचाळीस वर्षे ऐकत आले होते आणि हा आवाज तिचा नव्हता. मला वाटले, पलीकडच्या गावात कोणी छप्पर दुरुस्त करत असेल. मी आत जाऊन कॉफी ठेवली.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

कलम ६. त्यानंतर दर वर्षी १४ ऑक्टोबरला, चारला वीस मिनिटे कमी असताना, धारेवरून तीन गोळ्या ऐकू येतात. फळीसारख्या नव्हे. जुन्या लांब नळीच्या, उघड्या, पंचक्रोशीला माहीत असलेल्या. रायफल त्या वेळी माझ्या कपाटात कुलपात असते. मी सवयीप्रमाणे दर वर्षी दिशा आणि अंदाजे अंतर नकाशावर टिपले. पहिली पाच वर्षे खूण एकाच जागी आली, दगडांच्या उतरणीवर.

२०२३ मध्ये मी सायलेन्सर काढून पायरीवर उभी राहिले आणि तीन झाल्यावर एक गोळी रेतीच्या ढिगात झाडली. मी आयुष्यात पहिल्यांदाच गोळी झाडली. परवाना तौनोनंतर माझ्या नावावर केला होता. पोलीस कचेरीतील मुलीने विचारले होते, "आजी, तुम्ही शिकार करणार?" मी हो म्हणाले होते.

२०२४ मध्ये तीन गोळ्या दलदलीच्या अलीकडच्या काठावरून आल्या. घरापासून नऊशे मीटर. मी पुन्हा उत्तर दिले.

म्हणून अट अशी: रायफल मार्कोची. तो तिला नवी दुर्बीण, नवा चाप, हवा तो दस्ता लावो, मनासारखी सुधारो. मात्र नळीचे तोंड उघडे राहावे. उन्हाळ्यात तो मला म्हणाला होता, "मामी, सायलेन्सर काढायचा कशाला? आजकाल तो नसलेली बंदूकच दिसत नाही." "तुझे कान जप, त्यासाठी कानांवर लावायचं काहीतरी घे," मी म्हणाले. "मग मला काही ऐकू यायचं नाही," तो म्हणाला. मी म्हणाले, "तुला नाही ऐकू आलं तरी चालेल. तू झाड." त्याला वाटले मी थट्टा करते आहे. मार्को, मी थट्टा करत नव्हते. त्या दिवशी त्या वेळी इथे यायचे आणि एक गोळी झाडायची. ऐकू येवो न येवो. तौनो वाटेत आहे, आणि उत्तर थांबले तर तो पुन्हा जिथे होता तिथेच बसून राहील, असे मला वाटते. किती वर्षे, ते मला सांगता येत नाही. तुला समजेल.

हे मान्य नसेल तर रायफल आणि घर एइनोला जावे. त्याने चिंधीचा वास घेतलेला आहे.

कलम ७. पेन्टी कार्प्पिनेन याला मी काहीही देत नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही, आणि मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे. मी काल त्याला आठ वर्षांनी फोन केला. तो म्हणाला, "कोण? हिल्क्का? बरी आहेस ना?" मी म्हणाले, "उद्या तीनला ये, सही हवी आहे." तो म्हणाला, "तीनला कशाला, आत्ता येतो." मी म्हणाले, "नाही. उद्याच, आणि घाईत येऊ नकोस."

हे मृत्युपत्र मी दोघा साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यादेखत सही केली.

पिर्तिवारा, १४ ऑक्टोबर २०२५
हिल्क्का मोइलानेन

साक्षीदारांचे निवेदन

आम्ही एकाच वेळी हजर होतो. हिल्क्का मोइलानेन यांनी शुद्धीत, स्वखुशीने सही केली. कलम ५ वाचताना त्या दोनदा थांबल्या. पाणी दिले, पण त्या प्यायल्या नाहीत.

मी, पेन्टी कार्प्पिनेन, एवढे जोडतो. मी पेन हातात घेतले तेव्हा बटाट्याच्या शेताच्या टोकाकडून तीन गोळ्या झडल्या. तौनोची रायफल मी ओळखतो. ती माझ्यासमोर टेबलावर होती, बोल्ट उघडा होता. हिल्क्का उठली नाही. तिने काडतूस माझ्या बाजूला सरकवले. मी पायरीवर जाऊन एक झाडली आणि मग आत येऊन ही सही करत आहे. दफनाच्या दिवशी जे बोललो ते मी मागे घेतो. शेकोटीपाशी मी सर्वांत मोठ्याने बोलत होतो, दुसऱ्याचे ऐकू येण्यासारखे नव्हते.
पेन्टी कार्प्पिनेन

मी, रित्वा तेर्वो, परिचारिका, या गावची नाही आणि शिकारीतले मला कळत नाही. मीही मोजल्या. तीन होत्या.
रित्वा तेर्वो