तळहाताखालच्या ओळी

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

आधी कालच्या नोंदीतली चूक. वर्गात तेवीस मुलं आहेत असं मी लिहिलं. चोवीस आहेत. मिसबा माझ्या मोजणीतून सुटली. ती कपाटाच्या उघड्या दारामागे बसते आणि हजेरीला नुसता हात वर करते. नावं घेताना मी वहीकडे बघत होते, हातांकडे नाही.

बाकी कालचं सगळं खरं आहे. शाळा कसबा पेठेतल्या बोळात आहे. खाली पत्र्याच्या डब्यांचं दुकान आणि वर आमची पाचवी, त्यामुळे मराठीच्या तासाला ठोकण्याची साथ असते. वारज्याहून बसनं पाऊण तास आणि पुढे चालत, तरी मी वीस मिनिटं आधी पोचले. मुख्याध्यापक हिंमतराव सरांनी चहा दिला आणि म्हणाले, नव्या बाईंना पहिल्या दिवशी चहा मिळतो, दुसऱ्या दिवशी कप कुठे ठेवतात ते दाखवतो. आज खरंच दाखवलं.

गंमत म्हणजे मी स्वतः शाळेत पहिल्यांदा बसले तीही पाचवीतच. वडील वनखात्यात, दर दोन वर्षांनी नवं गाव, म्हणून चौथीपर्यंत आई आणि काका घरीच शिकवायचे. काका एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मधे पुस्तक. वाचणारं घरात दुसरं मूल नव्हतं. अर्णव नावाच्या मुलानं आज विचारलं, की रुपालीबाई, तुम्ही खऱ्या बाई आहात की ट्रेनिंगवाल्या? मी म्हटलं, खऱ्या. फार बरं वाटलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

उद्या वाचनपातळी तपासायची आहे. पायऱ्या पाच: काहीच नाही, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एकेका मुलाला बाहेर बोलवायचं, कार्ड हातात द्यायचं, मोठ्यानं वाचून घ्यायचं आणि यादीत पायरी लिहायची. यादी पुढे पालकसभेत वाचून दाखवतात. सर म्हणाले, मागच्या वर्षी नऊ मुलं अक्षरावर अडकली होती आणि पालक माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच त्यांना तिथे बांधून ठेवलंय. एवढंच म्हणाले. मला काही खोटं करा असं सांगितलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चोवीसपैकी चोवीस मुलं गोष्ट वाचतात. सर चष्मा काढून यादी बघत राहिले. म्हणाले, बाई, तुम्ही आठवडाभरात हे केलंत, मग आम्ही इतकी वर्षं काय खडू मोजत होतो?

व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. मुलं भिंतीला धरून रांगेत. गोष्टीचं कार्ड एकच होतं, ते इथे उतरवते:

आज गावचा बाजार होता. मीना आईबरोबर बाजारात गेली. गर्दीत तिचा हात सुटला. मीना रडू लागली. मग तिने पुन्हा हात धरला. दोघी घरी आल्या.

सगळ्यात शेवटी मिसबा. एकही अडखळणं नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

कालची नोंद अपुरी आहे. झोप नीट लागली नाही, म्हणून बसमध्येच लिहिते आहे.

मुलं रांगेत उभी होती आणि पुढचं मूल मोठ्यानं वाचत होतं. म्हणजे मिसबानं ती गोष्ट तेवीस वेळा ऐकली होती. हे आधी माझ्या ध्यानात आलं नाही. घरी मी एकटीच वाचायचे, माझ्यामागे रांग कधी नव्हती. पण तिची नजर कार्डावर हलत नाही हे मला दिसलं. तेव्हा मी शेवटच्या तीन ओळींवर तळहात ठेवला. ती थांबली नाही. माझ्या हाताकडे बघत तिनं झाकलेल्या ओळी म्हटल्या, दोघी घरी आल्या इथपर्यंत.

मला कळलं होतं. तिच्या नावापुढे मी गोष्ट लिहिलं. त्या वेळी दुपारचा एक वाजत होता, सर दारात उभे होते, आणि तेवीसच्या यादीपेक्षा चोवीसची यादी छान दिसत होती. आणखी किती मुलांना नुसतं पाठ होतं, ते मी तपासलं नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मिसबाची आई, हुस्नबानू, शाळा सुटताना भेटायला आल्या. त्यांचं घर मागच्याच बोळात आहे, नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करतो. घरी भाजलेल्या नानकटाईचा डबा आणला होता. म्हणाल्या, सात पिढ्या कसब्यात गेल्या आमच्या, पण घरात पुस्तकातलं मराठी बोलणारी ही पहिलीच. काल भाजीवाल्यापाशी म्हणते, आज गावचा बाजार होता. अहो बाई, भाजीवाला पण हसला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

मी डबा घेतला. नको म्हणायला हवं होतं. एक नानकटाई खाल्लीसुद्धा.

सोमवार, २४ नोव्हेंबर

परिसर अभ्यासाच्या तासाला मिसबानं स्वतःहून हात वर केला. नद्यांचा धडा होता. ती उभी राहिली, पुस्तक नीट धरलं आणि वाचू लागली: आज गावचा बाजार होता.

मुलं हसली. मी तिला फळ्यावरची तारीख वाचायला सांगितली. तीच गोष्ट. तिच्या पाण्याच्या बाटलीवरचं तिचं नाव. तीच गोष्ट. चिडवत नव्हती. घाम आला होता तिला. मी विचारलं, बाळा, तुला काय होतंय, तर माझ्याकडे बघून म्हणाली, गर्दीत तिचा हात सुटला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज ती शेवटच्या ओळीला थांबली नाही.

दोघी घरी आल्या. मीनाने वर पाहिले. तो हात आईचा नव्हता.

मी कार्ड काढून बघितलं. दोन्ही बाजू. अशी ओळ नाही. आवाज मुलीचाच, पण मधे श्वास घेतला नाही. सगळा वर्ग ऐकत होता, कान देऊन, पाठ करताना ऐकतात तसा.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

अर्णवला नवीन कार्ड दिलं, माकडाचं. त्यानं बाजार वाचला. मग दुसरीला बोलावलं. मग तिसऱ्याला. दाराबाहेर, एकेकाला, बाकीच्यांना ऐकू येणार नाही असं. आता केलं हे. अकरा मुलांनी बाजारच वाचला. ही अकरा तेव्हाही वाचू शकत नव्हती, असं मला वाटतं. माझ्या यादीत ती वाचतात.

पुढची ओळ सगळ्यांची सारखी होती: तो हात बाईंचा होता.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

हुस्नबानू पुन्हा आल्या. आज डबा नव्हता. मिसबाला तीन दिवस ताप आहे, पोट धरून बसते. डॉक्टरांनी विचारलं कुठं दुखतं, तर तिनं बाजार सांगितला. डॉक्टर म्हणाले, मुलीला आधी शांत करा, मग आणा. भूक लागली की बाजार, तहान लागली की बाजार. हुस्नबानूंनी विचारलं, बाई, तुम्ही तिला नक्की काय शिकवलंत? रागानं नाही. त्यांना खरंच वाटतं, मला माहीत असेल.

मी म्हटलं, होईल बरं. दुसरं काही म्हटलं नाही.

सोमवार, १ डिसेंबर

मधल्या सुट्टीत त्यांच्या घरी गेले. मिसबा गोधडीत. मी तिच्या कानाशी सांगितलं. तुला वाचता येत नाही, त्यात तुझी चूक नाही, खोटं मी लिहिलं, मला तेव्हाच माहीत होतं.

तिनं गोधडी तोंडावरून खाली केली. मग स्वतःच्या आवाजात, बारीक, म्हणाली, मला पण माहीत होतं. बाई, इथं दुखतंय. उजवीकडे खाली हात लावून दाखवला.

हुस्नबानू स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्या येईपर्यंत खिडकीखालून शाळेची मुलं एका सुरात ती गोष्ट म्हणत गेली. मिसबाचे ओठ त्यांच्याबरोबर हलू लागले. मी हुस्नबानूंना फक्त जागा दाखवली. त्या तिला घेऊन निघाल्या. मिसबा आज दुखणं का दाखवू शकली, ते मी त्यांना —

नाही सांगितलं.

खरं सांगितलं की सुटतं. तेवढंच सुटतं, जेवढं सांगितलं. यादी तशीच आहे.

मंगळवार, २ डिसेंबर

मिसबाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. वाचली. शुद्धीवर येताना पहिलं वाक्य — नर्सनं सांगितलं, हसत — मुलगी बाजाराचं काहीतरी बोलते.

वर्गात आता एकोणीस जणांच्या तोंडी बाजारच. चांगलं वाचणारीसुद्धा. कानावर पडतं ना.

सरांकडे गेले. दार लावलं. सगळं सांगायचं, तारखेनं, हे ठरवून गेले होते. तोंड उघडलं. सर ऐकत राहिले, मग म्हणाले, बाई, गोष्ट छान आहे, पण ती मुलांना सांगायची असते, मला कशाला?

मी काय बोलले मला ऐकू आलं नाही. सरांच्या चेहऱ्यावरून —

बुधवार, ३ डिसेंबर

चोवीस.

आज दिवसभर बोलले नाही. खुणा केल्या. मुलं समोर बसून माझ्या तोंडाकडे बघतात. माझी वाट बघतात.

हातात अजून माझी वाक्यं आहेत. दर ओळीनंतर वाचून बघते. आतापर्यंत ठीक. दुपारी कागद घेतला, दुरुस्तीचा अर्ज लिहिला, चोवीस नावं, खरी पायरी, नाही तपासली तिथे नाही तपासली. मिसबा: अक्षर, तेही पाच-सहाच. खाली सही. दोनदा फाडावा लागला. दुसऱ्या ओळीतच हात बाजाराकडे —

तिसरा नीट आहे. मोजून बघितला. पाकिटात घातला.

पालकसभा आहे. हुस्नबानू येणार म्हणाल्या, मुलीचं नाव ऐकायला. सर यादी वाचायला उभे राहतील त्याच्या आधी मी कागद त्यांच्या हातात नाही, हुस्नबानूंच्या हातात देणार. त्या वाचतील मोठ्यानं. त्यांनी गोष्ट फार ऐकलीये, तरी त्या — वाचतील ना. नोकरी जाईल. जाऊ दे. मुलीला घरी स्वतःच्या तोंडानं पाणी मागता यावं.

उद्या नाही. उद्या सर नाहीत. शुक्रवारी. ५ डिसेंबर २०२५, सकाळी साडेदहाला, सगळ्यांच्या समोर, मी आज गावचा