चौथा बुश

मी, अनुसयाबाई उमराव कापगते, वय ७३, धंदा खरादकाम (लेथवरचे काम), राहणार फुलचूर, तालुका व जिल्हा गोंदिया, माझ्यामागे कशाचे काय करावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फुसलावलेले नाही. डाव्या डोळ्याला कमी दिसते, पण सुताचा फरक अजून बोटाला कळतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. फुलचूर येथील दोन खोल्या व मागचे अंगण मुलगा कुशल याला द्यावे. तो रेल्वेत नोकरीला असून डोंगरगडला राहतो. तो घर विकेल हे मला माहीत आहे. विकावे, माझी हरकत नाही.

२. बँकेतील ठेव कुशल व मुलगी प्रेरणा यांनी सारखी वाटून घ्यावी. गळ्यातला दागिना सून पुष्पांजली हिला द्यावा. तिने तो कधी मागितला नाही, म्हणून.

३. दुकान, खराद मशीन व सर्व हत्यारे प्रेरणाला द्यावीत. ती आयटीआयमध्ये टर्नरचे काम शिकवते; तिला मशीनची किंमत कळते. माझ्या माहेरची माणसे तलाव बांधत आणि त्याची पाळ नजरेने सरळ धरत. ती नजर मला आली आणि माझ्याकडून तिला गेली.

दुकानाच्या पाटीवर माझ्या यजमानांचे नाव आहे. त्यांचे हात १९८५ पासून थरथरत, आणि तेव्हापासून मशीनवरचे सगळे काम मी केले. प्रेरणाने ती पाटी उतरवावी व स्वतःचे नाव लिहावे. माझे लिहू नये. माझी वेळ गेली.

४. दुकानाच्या पत्र्याखाली उभी असलेली लाल, दोन सीटची, सन १९६७ ची विलायती स्पोर्ट्स गाडी माझ्या मालकीची असून कागद लोखंडी कपाटात आहेत. खरादकाम करणाऱ्या बाईकडे अशी गाडी कशी, असे पुढे कोणी विचारील, म्हणून सविस्तर लिहिते.

ही गाडी भात गिरणीचे मालक हेमेंद्रशेठ यांची. १९८९ साली तिचा गिअरचा दांडा वरणातल्या पळीसारखा कुठेही फिरू लागला. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जी जोडणी जाते तिच्या सांध्यांत चार रबरी बुश, म्हणजे पिनेवर घट्ट बसणारी कडी, असतात. ते झिजले होते आणि नवे इकडे मिळत नव्हते. यजमानांचे मित्र, मेकॅनिक गजेंद्र टेंभरे यांनी मापे व नमुन्याला एक पिन आणून दिली. मी नायलॉनच्या रॉडमधून चार बुश कापले. चारही त्या पिनेवर घालून पाहिले. अडकत नव्हते आणि हलतही नव्हते. गजेंद्र ते घेऊन गेले व काम झाल्याचे त्यांनी शेठना सांगितले.

महिन्याभराने शेठ आपल्या अंगणात गाडीत बसले. दांडा न्यूट्रलला दिसत होता, पण आत गिअर रिव्हर्सलाच अडकलेला होता. चावी फिरवताच गाडी मागे उसळली. मागे शेठच्या पत्नी निर्मलाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांच्या कंबरेचे हाड मोडले. तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या. आजही काठी घेऊन चालतात.

शेठ गजेंद्रना घेऊन दुकानात आले. गजेंद्र म्हणाले, बुश मापाला चुकले आहेत. शेठनी माझ्या यजमानांकडे पाहिले. यजमान माझ्याकडे न पाहता म्हणाले, "म्या नाही कापले जी. बाईनं कापले."

त्यावर कोणी मला एक शब्दही विचारला नाही. वर्षभर दुकानात काम आले नाही. मग हळूहळू आले, पण यजमानांच्या हातचे म्हणून. ते हात टेबलाखाली ठेवून गिऱ्हाइकांशी बोलत आणि मी पडद्यामागे मशीन चालवी. २००८ साली ते वारले, तोवर असेच चालले. त्यांच्या आजारपणात मी काही कमी पडू दिले नाही. ते वाक्य मात्र मी माफ केलेले नाही, आणि तसे येथे नोंदवते.

अपघातानंतर गाडी कोणी चालवली नाही. शेठ २०१८ साली गेले. दोन वर्षांनी निर्मलाबाईंनी गाडी टेंपोत घालून दुकानात आणली. गाडी विकायची आहे, पण दांडा तसाच हलतो आणि गोंदियात दुसरे कोणी हात लावत नाही, असे त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत. प्रेरणा घरी होती. तिने गाडीखाली जाऊन जोडणी सोडवली. पुढचे तीन बुश निघाले ते पांढरे, माझेच, कापल्या दिवसासारखे. चौथ्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स जॅकवर खाली घ्यावा लागतो. तिथली पिन गंजून बसली होती. ती काढली तर आत जुने रबर. चौथा बुश गजेंद्र यांनी बसवलाच नव्हता. (या ठिकाणी आधी "बसवायचा राहून गेला होता" असे लिहिले होते. ते शब्द खोडले आहेत. कारण कलम ५ मध्ये दिले आहे.)

प्रेरणाने ते रबर निर्मलाबाईंच्या तळहातावर ठेवले. बोट लावताच त्याचा तंबाखूसारखा चुरा झाला. त्या स्टुलावर बसल्या.

"तीस वर्षं म्या तुलेच शिव्या देऊन राहिली होती, अनुसया," त्या म्हणाल्या.

मी म्हटले, दिल्या त्या दिल्या. मग मशीनवर गेले आणि चौथा बुश कापला. संध्याकाळपर्यंत दांडा जिथे ठेवावा तिथे उभा राहू लागला. निर्मलाबाईंनी गाडी विकली नाही, माझ्या नावे करून दिली. मी दोनदा नाही म्हटले. त्या म्हणाल्या की ती घरी दिसली की कंबर जास्त दुखते.

ही गाडी प्रेरणाला द्यावी. तिने हवे तर विकावी, पण त्याआधी एकदा आयटीआयच्या मुलामुलींसमोर जोडणी खोलून दाखवावी. पिन हातोडीने ठोकू नये. तेल सोडून दिवसभर थांबावे. बुश चारही एकदम बदलावेत. आणि चावी फिरवण्याआधी गाडी हाताने ढकलून पाहावी. दांडा सांगतो त्यावर जाऊ नये.

५. गजेंद्र टेंभरे आता देवरीला मुलाकडे राहतात. २०२० साली मी बसने जाऊन त्यांना विचारले होते. आठवत नाही, म्हणाले. मी पुढच्या बसने परत आले आणि कोणाकडे बोलले नाही. या महिन्यात मी त्यांना निरोप धाडला की मला जुना ओळखीचा साक्षीदार हवा आहे. ते येतील असे वाटले नव्हते. आज, रविवारी, आले. वकिलांनी सांगितले होते की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये. मला त्यांना काही द्यायचेही नव्हते.

मी चौथ्या कलमापर्यंत लिहिलेला हा कागद त्यांच्यापुढे ठेवला. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, पण त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. चौथ्या कलमापाशी बोट ठेवले.

"वहिनी, राहून नाही गेलं. पिन निघत नव्हती अन् शेठ घाई करून राहिले होते. म्या बुश खिशात टाकला अन् सांगतलं, झालं. तसं लिवा."

हे देवरीला का नाही सांगितले, असे मी विचारले.

"तवा तुम्ही नुसतं विचारून राहिल्या होत्या," ते म्हणाले. "आता मले खाली सही कराची हाय."

मी शब्द खोडले. खोडलेल्या जागी आम्ही दोघांनी सह्या केल्या. मग त्यांनी चहा घेतला. यजमानांविषयी लिहिलेले खोडा, असेही म्हणाले. ते मी खोडले नाही.

६. या सर्वाची अंमलबजावणी प्रेरणाने करावी. माझे दिवस तीनच करावेत. मशीन चौथ्या दिवशी सुरू करावी. बंद ठेवली की गंज धरते.

येणेप्रमाणे लिहिले, पुन्हा वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : फुलचूर, गोंदिया
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२४

(सही) अनुसयाबाई उमराव कापगते

साक्षीदार :

१. लीलाधर बिसेन, वय ५८, शेजारी, राहणार फुलचूर. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

२. गजेंद्र टेंभरे, वय ७५, पूर्वीचा मेकॅनिक, राहणार देवरी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. कलम ४ व ५ मी स्वतः वाचले, ते खरे आहे. बुश मापात होते.